केशप्रश्न : ब्लीचने तुटलेलं परत जुळतं का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं ब्लीच केलेल्या केसांबद्दल आहेत, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकात ‘बाँड रिपेअर’ (केसातले तुटलेले बंध जोडायचा दावा करणारा उपचार) हा शब्द आहे. म्हणून हे सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत. कोंडा आणि केसगळतीची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहेत, त्यांनाही उत्तरं मिळतील.

प्रश्न : माझे केस मुळात काळेभोर आणि जाड. राखाडी छटा हवी म्हणून पाठोपाठ दोनदा ब्लीच करून घेतलं. रंग मनासारखा आला, पण आता केस धुताना हाताला बुळबुळीत लागतात. ओला केस ओढला तर रबरासारखा लांबत जातो आणि तुटतो. वाळल्यावर मात्र बरे दिसतात. बाँड रिपेअर ट्रीटमेंटने केस पूर्ववत होतात असं मैत्रीण म्हणते. खरं आहे का?

पूर्ववत होत नाहीत. उपयोग मात्र होतो, आणि तो नेमका कुठे होतो हे कळलं तर तुमची निराशा होणार नाही.

तुमच्या पत्रातलं ‘वाळल्यावर मात्र बरे दिसतात’ हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. सगळं दुखणं त्यात आलंय. केस म्हणजे मुख्यतः केराटिन हे प्रथिन. त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना तीन प्रकारच्या बंधांनी धरून असतात. पहिले हायड्रोजनचे बंध. ते संख्येने भरपूर, पण पाणी लागलं की सुटतात आणि केस वाळले की पुन्हा जुळतात. दुसरे क्षारबंध. साखळीवरचा धन भार आणि शेजारणीवरचा ऋण भार यांचं हे आकर्षण, आणि ते पीएचनुसार, म्हणजे आम्लता-अल्कतेनुसार, कमीजास्त होतं. तिसरे डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाच्या दोन अणूंमधली थेट रासायनिक गाठ. ही पाण्याने सुटत नाही.

कोरड्या केसाची ताकद बरीचशी हायड्रोजनच्या बंधांवर असते. केस भिजले की ते बंध सुटतात आणि सगळा भार गंधकाच्या गाठींवर येतो. ब्लीचने नेमक्या त्याच गाठी तोडलेल्या असतात. त्यामुळे वाळलेला केस बरा वाटतो आणि ओला केस हातात राहत नाही.

प्रयोगशाळेत केसांच्या बटा तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे एकेक केस दोन चिमट्यांत धरून यंत्राने ओढतात आणि तो किती ताणला, किती जोर लावल्यावर तुटला हे नोंदवतात. ब्लीच केलेला आणि न केलेला केस कोरडा ओढला तर आकडे जवळजवळ येतात. तेच दोन्ही केस पाण्यात भिजवून ओढले की फरक उघड होतो. धडधाकट ओला केस साधारण ३० टक्क्यांपर्यंत ताणतो आणि सोडला की परत आपल्या लांबीवर येतो. अति ब्लीच झालेला केस ताणतो, ताणतच राहतो, आणि सोडल्यावर ओल्या टिपकागदावर वेडावाकडा पडून राहतो. त्याला बोटाने सरळ केलं तर तसा, गोल केलं तर तसा. तुम्ही न्हाणीघरात जे पाहिलंत ते हेच. तुमची परीक्षा अगदी बरोबर आहे, ती पुढेही करत राहा.

आता ब्लीचने काय केलं ते पाहू. ब्लीच पावडरमध्ये परसल्फेट असतात आणि तिच्यात मिसळायच्या डेव्हलपरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन्ही मिसळल्यावर मिश्रण चांगलंच अल्कधर्मी होतं. केस फुगतो, वरचे खवले उचलले जातात आणि रसायन आतल्या गाभ्यात शिरतं. त्याला तिथलं मेलॅनिन हे रंगद्रव्य मोडायचं असतं. पण रंगद्रव्य कोणतं आणि प्रथिन कोणतं हे ऑक्सिडीकरणाला कळत नाही. केशरसायनाच्या पाठ्यपुस्तकांत आकडे दिलेले आहेत : नेहमीच्या ब्लीचमध्ये १५ ते २५ टक्के डायसल्फाइड बंध जातात, तीव्र ब्लीचमध्ये ४५ टक्क्यांपर्यंत. काळेभोर केस पाठोपाठ दोनदा ब्लीच करून राखाडीपर्यंत आणणं मी तीव्र ब्लीचमध्येच धरते.

शिवाय आणखी एक गोष्ट गेली. केसाच्या पृष्ठभागावर १८-एमईए नावाच्या स्निग्धाम्लाचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने चिकटलेला असतो. त्याच्यामुळे निरोगी केसावरून पाणी ओघळतं आणि केसावरून केस सरकतो. ब्लीच तो थर काढून टाकतं. मग केस पाणी पितात, वाळायला वेळ लागतो, एकमेकांना घासतात आणि गुंता होतो. वरून लावलेल्या कुठल्याही तेलाने वा क्रीमने तो थर पुन्हा तसा बसत नाही. कंडिशनर फक्त त्याचं काम तात्पुरतं अंगावर घेतो.

आता बंध ‘जोडण्या’चा मुद्दा. केस कुरळे करायच्या पर्ममध्ये थायोग्लायकॉलिक आम्लाने गंधकाची गाठ सोडतात. तेव्हा दोन्ही बाजूंना मोकळे थायॉल गट, म्हणजे गंधकाची सुटी टोकं, राहतात आणि नंतर पेरॉक्साइडने ते पुन्हा जोडता येतात. ब्लीचमध्ये असं होत नाही. तिथे गंधकाचं ऑक्सिडीकरण थेट टोकाला जातं आणि सिस्टेइक आम्ल तयार होतं. तिथून परतीची वाट नाही. केसाला सोसेल अशा कोणत्याही प्रक्रियेने सिस्टेइक आम्लाची पुन्हा गंधकगाठ होत नाही. त्यामुळे बाटलीवर ‘तुटलेले बंध जोडते’ असं लिहिलेलं असतं तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, तुटलेले म्हणजे कोणते? मोकळे थायॉल उरले असतील तिथे जोडणी शक्य आहे. पण ब्लीचनंतर ते थोडेच उरतात.

मग तरीही केस सुधारतात कसे? २०१४ मध्ये ओलाप्लेक्स हे बाँड रिपेअरचं उत्पादन बाजारात आलं तेव्हापासून हा वाद चालू आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथले रसायनशास्त्रज्ञ क्रेग हॉकर आणि एरिक प्रेसली यांनी ते विकसित केलं. त्यातला मुख्य घटक बिस-अमिनोप्रोपिल डायग्लायकॉल डायमॅलिएट. त्याच्या दोन्ही टोकांना मॅलिएट गट असतात. ते दोन बाजूंच्या थायॉलना पकडून मध्ये नवा पूल बांधतात, ही मूळ कल्पना. अनेक रसायनशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की परिणामाचा मोठा वाटा वेगळाच आहे. असे रेणू केसातल्या भारांना धरून नवे क्षारबंध बनवतात, धातूचे अंश बांधून ठेवतात आणि अल्कधर्मी झालेल्या केसाला परत आम्लतेकडे आणतात. मला दुसरं म्हणणं अधिक पटतं. गंधकाशी ज्याचा काही संबंध नाही असं साधं सायट्रिक आम्ल असलेली उत्पादनंही याच नावाखाली विकली जातात, आणि त्यांनीही केस तुटणं कमी होतं.

म्हणजे तुम्हाला आधार मिळेल. विंचरताना कमी केस तुटतील, ओल्या केसात थोडा जोर येईल. नवा पूल जुन्या गाठीची बरोबरी करत नाही आणि धुण्यागणिक त्याचा परिणाम ओसरतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. पहिले काही आठवडे दर आठवड्याला, नंतर केस पाहून अंतर वाढवा.

एक काम आजच करा. केस धुतल्यावर एक बारीक बट घ्या आणि मुळापासून शेंड्याकडे थोड्याथोड्या अंतरावर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणून पाहा. एका ठिकाणापासून पुढे केस परत आखडणार नाही. तो भाग टप्प्याटप्प्याने कापून टाका. हे लिहायला मला आवडत नाही, कारण लांब केस किती जिवापाड वाढवलेले असतात ते मी जाणते. पण त्या भागावर कितीही बाटल्या ओतल्या तरी तो तुटणारच, आणि तुटताना वरच्या चांगल्या केसांत गुंता करून त्यांनाही ओढणार.

प्रश्न : मी सलून चालवते. ब्लीचमध्ये बाँड बिल्डर (बाँड रिपेअरचाच घटक) मिसळला की केस सुरक्षित राहतात, मग ४० व्हॉल्यूमचा डेव्हलपर वापरून काम लवकर उरकलं तर चालेल का? बरोबरीच्या बऱ्याच जणी करतात.

नका करू. मिसळलेला घटक नुकसान कमी करतो, थांबवत नाही. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. पेरॉक्साइड दुप्पट करून वर संरक्षक घालायचं, यात मिळालेला फायदा तुम्हीच खर्चून टाकता. आणि टाळूला तर त्या संरक्षकाचा काही उपयोगच नाही. बारा टक्क्यांनी टाळू भाजते ती भाजतेच.

पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट अगदी योग्य आहे. हे घटक वापरायची सगळ्यात चांगली वेळ ब्लीच चालू असतानाचीच. नुकसान घडत असतं तेव्हा ते काही अंशी रोखता येतं. महिन्याने घरी लावलेल्या बाटलीला ते साधत नाही. कमी ताकदीचा डेव्हलपर, जास्त वेळ, मिश्रणात बाँड बिल्डर, आणि दर थोड्या वेळाने एक बट पुसून ताणून पाहणं, ही पद्धत ठेवा. काही मिश्रणांत रंग उतरायला नेहमीपेक्षा वेळ लागतो. तो ग्राहकाला आधीच सांगून ठेवा म्हणजे घाई होत नाही.

ब्लीच लावण्यापूर्वी धातूंबद्दल विचारा. घरी जड पाणी आहे का, पोहण्याच्या तलावात नियमित जाणं होतं का? पाण्यातलं तांबं केसात साठतं, आणि आधी रंगवलेल्या वा ब्लीच केलेल्या केसात जास्तच साठतं, कारण सिस्टेइक आम्लाचे ऋण भार त्याला धरून ठेवतात. तांब्याशी पेरॉक्साइडची गाठ पडली की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिक्रियाशील कण तयार होतात आणि ते समोर येईल ते प्रथिन फोडत जातात. ब्लीच लावलेल्या बटेभोवतीची फॉइल हाताला अचानक गरम लागली तर एक क्षणही थांबू नका, धुवून टाका. अशा केसांना ब्लीचच्या आधी ईडीटीएसारखा धातू बांधणारा घटक असलेल्या शाम्पूने धुतलंत तर पुढचा बराच त्रास टळेल.

आणि तुमच्या स्वतःबद्दल. परसल्फेटची पावडर श्वासात गेल्याने केशकारागिरांना दमा होतो, हे वैद्यकात नीट नोंदलेलं आहे. एकदा त्याची ॲलर्जी बसली की थोड्याशा धुळीनेही त्रास होतो आणि धंदा सोडायची वेळ येते. कमी धूळ उडणारी पावडर घ्या, डबा उघडा ठेवू नका, खिडकी उघडून मिसळा आणि हातमोजे घाला. ब्लीचचं काम केल्यावर नाक वाहणं, खोकला, छातीत घरघर असं होत असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा आणि कामाचं स्वरूप सांगा.

प्रश्न : दुकानात दहा प्रकार दिसतात. कशावर मॅलिएट, कशावर पेप्टाइड, कशावर नुसतं ‘प्लेक्स’. निवडायचं कसं? आणि दोन-तीन एकत्र लावले तर लवकर फरक पडेल का?

पुढचं नाव सोडा, मागची घटकांची यादी वाचा. ढोबळमानाने तीन घराणी आहेत. मॅलिएट किंवा मॅलिइक आम्लाचं एक. सायट्रिक आम्लासारख्या छोट्या आम्लांचं दुसरं. छोट्या पेप्टाइडांचं, म्हणजे प्रथिनाच्या आखूड तुकड्यांचं, तिसरं. के-१८ हे उत्पादन या तिसऱ्यातलं. त्यात केराटिनच्या साखळीशी मिळताजुळता एक लहान पेप्टाइड असतो आणि तो साखळ्यांना आतून जोडतो असा कंपनीचा दावा आहे. यादीत यातलं काहीच नाही आणि फक्त सिलिकोन व स्निग्ध अल्कोहोल असतील तर तो चांगला कंडिशनर असू शकतो, पण ‘बाँड’ हा शब्द त्याला शोभत नाही.

लावण्याच्या पद्धती उलटसुलट आहेत आणि तिथेच बहुतेकांचं चुकतं. ओलाप्लेक्सची घरगुती ३ क्रमांकाची बाटली शाम्पूच्या आधी, ओलसर केसांना लावून किमान १० मिनिटं ठेवायची. के-१८ शाम्पूनंतर, कंडिशनर न लावता, पुसलेल्या केसांना लावायचं आणि धुवायचं नाही. चार मिनिटं थांबून मग पुढचं काय ते करायचं. कंडिशनरचा थर आधी बसला तर आत जाणाऱ्या घटकाची वाट अडते.

एकावर एक थापू नका. एक घराणं निवडा, महिनाभर द्या, ओल्या बटेची परीक्षा करा. फरक नसेल तर दुसरं पाहा.

आणि कंडिशनरला कमी लेखू नका, हे मी कळकळीने सांगते. ब्लीच केलेल्या केसावर ऋण भार वाढलेला असतो आणि कंडिशनरमधले बेहेनट्रायमोनियमसारखे घटक धन भाराचे असतात. त्यामुळे केस जिथे जास्त खराब, तिथे ते जास्त चिकटतात. अमोडायमेथिकोन हा सिलिकोनही तसाच वागतो. रोजचं तुटणं प्रामुख्याने विंचरताना होतं, आणि विंचरताना लागणारा जोर कंडिशनर जितका कमी करतो तितका क्वचितच कशाने होतो. दर धुण्याला लावा, शेंड्यांना जास्त.

प्रश्न : पार्लरमधली ताई म्हणते, बाँड रिपेअरपेक्षा केराटिन ट्रीटमेंट करून घे, दोन्ही सारखंच. करू का?

दोन्ही सारखं अजिबात नाही. पार्लरमध्ये ज्याला केराटिन ट्रीटमेंट म्हणतात ती बहुतेक वेळा केस सरळ आणि गुळगुळीत करायची प्रक्रिया असते. त्यात फॉर्मल्डिहाइड सोडणारे घटक किंवा ग्लायॉक्झिलिक आम्ल लावतात आणि वरून २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवलेली इस्त्री फिरवतात. ब्लीचने पोकळ झालेल्या केसाला इतकी उष्णता म्हणजे जखमेवर घाव. शिवाय फॉर्मल्डिहाइड कर्करोगजनक आहे. ग्लायॉक्झिलिक आम्ल असलेल्या सरळीकरणाच्या क्रीमनंतर एका तरुणीच्या मूत्रपिंडाला वारंवार इजा झाल्याची नोंद २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली होती. टाळूवर आग होत असताना ‘थोडं सोसा’ असं कुणी म्हटलं तर उठून केस धुवायला सांगा.

हायड्रोलाइज्ड, म्हणजे लहान तुकड्यांत मोडलेलं, केराटिन किंवा गव्हाचं प्रथिन असलेला मास्क ही आणखी तिसरी गोष्ट. तो निरुपद्रवी असतो. तुकडे केसावर बसतात, थोडे आत शिरतात, केस भरीव लागतो आणि पुढच्या काही धुण्यांत निघून जातात. रोज लावला तर केस कडक होतात.

प्रश्न : नुसतं तेल लावून भागणार नाही का?

बंध जोडायला तेल काही करत नाही. पण खोबरेल तेलाचा एक वेगळा, सिद्ध झालेला उपयोग आहे. त्यातला लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली होती. केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, ब्लीच केलेल्या केसांतही. धुण्याच्या आदल्या रात्री किंवा काही तास आधी शेंड्यांना लावा. ज्या दिवशी बाँड रिपेअर लावणार असाल त्या दिवशी मात्र तेल नको.

प्रश्न : स्ट्रेटनर वापरू शकते का?

पहिले दोन-तीन महिने नको. नंतर वापरलाच तर केस पूर्ण कोरडे हवेत आणि तापमान १५० अंशांच्या आसपास. ओलसर केसावर गरम चिमटा दाबला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात, आणि केस नेमका त्याच जागी मोडतो. १२५ अंशांचा चिमटा मिनिटभर धरला तरी हे घडतं.

प्रश्न : मुलीने सहा महिन्यांपूर्वी ब्लीच केलं. आता मुळाशी काळे केस दिसतात म्हणून तिला पुन्हा करायचंय. ‘बाँड रिपेअर लावते ना, काही होत नाही’ म्हणते. मी आई म्हणून नाही म्हणते. कुणाचं बरोबर?

तुमची काळजी रास्त आहे, पण सरसकट नाही म्हणू नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे तिचे मुळाकडचे पाच-सहा सेंटिमीटर कोरे आहेत. ते एकदा ब्लीच सोसू शकतात. धोका आहे तो जुन्या आणि नव्या भागाच्या सीमेवर. तिथे मिश्रण खाली उतरलं तर आधीच गाठी गमावलेल्या केसावर दुसरा वार होतो आणि डोक्याभोवती एकाच उंचीवर केस तुटतात. मुळाशी उभे राहिलेले आखूड केस दिसतात ते त्यामुळे, आणि बऱ्याच जणी त्यांना नवी वाढ समजतात.

तिला सांगा, आधी ओल्या बटेची परीक्षा तुमच्यासमोर करायची. जुना भाग ताणून परत येत असेल तरच पुढे जायचं. कारागिराकडून फक्त नव्या वाढीवर ब्लीच लावून घ्यायचं, जुन्या भागावर आधी जाड कंडिशनर चोपडून घ्यायचा, डेव्हलपर २० व्हॉल्यूमच्या वर नको, आणि बाँड बिल्डर मिश्रणातच घालायला सांगायचा. जुना भाग ताणून तसाच लोंबत राहिला तर तेवढा कापेपर्यंत थांबायचं, आणि मुळं झाकायला ब्लीच न लागणारी गडद छटा घ्यायची. निर्णय तिच्या हातातल्या ओल्या केसाने झाला तर तुमच्यात भांडणही होणार नाही.